बोर्ड कुणाचंही घ्या, पण पहिली पाच वर्षं मुलांच्या भाषेत राहू द्या : लक्षद्वीपच्या प्रशासनाला खुलं पत्र

मा. प्रशासक आणि शिक्षण विभाग,
लक्षद्वीप, कवरत्ती

स.न.वि.वि.

मी निवृत्त गणित शिक्षक आहे. नोकरीतली तीन वर्षं तुमच्याकडे मिनिकॉय बेटावर काढली, सीबीएसईच्या शाळेत शिकवायचो. म्हणजे मी काही केरळचा माणूस नाही आणि सीबीएसईच्या विरोधातलाही नाही, उलट आयुष्यभर त्याच बोर्डाची पुस्तकं शिकवून पोट भरलंय. तरीही तुम्ही मल्याळम माध्यमाचे, केरळच्या एससीईआरटीच्या अभ्यासक्रमाचे वर्ग बंद करून सगळी शाळाच इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसईकडे न्यायचं ठरवलंत तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय कारण मला नीट विचार याच भाषेत करता येतो, आणि माझं सगळं म्हणणंही शेवटी तेवढंच आहे.

आधी ज्या वाचकांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं, त्यातल्या १० वर माणसांची वस्ती, सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही कमी. केरळचा किनारा २०० ते ४४० किलोमीटरवर, जहाजाने रात्र काढावी लागते. १९५६ साली केंद्रशासित प्रदेश झाला तरी शाळेचं सगळं केरळकडूनच यायचं, पुस्तकं तिथली, शिक्षक बरेचसे तिथले, दहावीचा पेपर तिथला. २०२५ मध्येही केरळच्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, परीक्षेची बातमी आली तेव्हा गल्फमधली ७ केंद्रं आणि लक्षद्वीपमधली ९ केंद्रं असा उल्लेख होताच. मग डिसेंबर २०२३ मध्ये आदेश निघाला की २०२४-२५ पासून मल्याळम माध्यमाचे हे वर्ग इंग्रजी माध्यमाच्या सीबीएसईमध्ये बदलायचे, फक्त नववी-दहावीत असलेल्यांनी जुन्याच अभ्यासक्रमाने शिकून बाहेर पडायचं. आणि मे २०२५ मध्ये आणखी एक आदेश, तिसरी भाषा म्हणून अरबी आणि माहल (मिनिकॉयची घरची भाषा) काढून हिंदी. या दुसऱ्या आदेशाला केरळ हायकोर्टाने जूनमध्ये स्थगिती दिली.

आता मुद्द्यावर येतो. छोट्या बेटाने मोठ्या शेजाऱ्याची शाळा घ्यावी का, हा प्रश्न तुमच्याकडे सत्तर वर्षं कुणी मोठ्याने विचारलाच नव्हता, कारण दुसरा पर्यायच नव्हता. केरळची पद्धत जशीच्या तशी आली आणि त्यात जे खटकत होतं तेही जसंच्या तसं आलं. तुमच्या बेटांवर एक नदी नाही. डोंगर नाही. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली समुद्राच्या पाण्यावर तरंगणारा पातळसा थर, विहीर जरा जास्त उपसली की खारं लागणार. आणि मुलांच्या पुस्तकात नदीकाठचं गाव, भाताची खाचरं, डोंगर. केरळहून आलेल्या माझ्या शेजारच्या शाळेतल्या एक बाई दर जूनमध्ये आपल्या गावच्या नदीचे फोटो बॅगेत घालून आणायच्या, कारण "नदीचं एक टोक कुठे असतं" हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारायचीच, त्यांच्या अनुभवातलं पाणी चहूबाजूंनी असतं, त्याला टोक नसतं. त्या बाई फार मनापासून शिकवायच्या. पण खाऱ्या-गोड्या पाण्याचा तो थर, ज्याच्यावर त्या मुलांचं अख्खं घर जगतं, तो त्यांच्या पुस्तकात कुठेच नव्हता आणि माझ्या पुस्तकातही नव्हता.

म्हणून केरळची पद्धत होती तीच बरी होती असं मी म्हणणार नाही. शिवाय एसएसएलसीचा निकाल गेली काही वर्षं ९९ टक्क्यांच्या वर लागतोय, त्यावर केरळमध्येच टीका झाली आणि लेखी पेपरला किमान ३० टक्के मार्क हवेतच अशी अट त्यांनी २०२४-२५ ला आठवीपासून आणायला सुरुवात केली. चांगलं केलं की वाईट हा भाग वेगळा, पण बघा, हा निर्णय तिरुवनंतपुरमला झाला आणि तो ज्यांच्या पोरांना लागू होणार त्यातले लक्षद्वीपचे आईबाप केरळच्या विधानसभेला मत देत नाहीत. शेजाऱ्याच्या मागे जाण्यात खरी अडचण ही आहे. शेजारी स्वतःच्या मुलांसाठी नियम बदलतो, ते योग्यच आहे, त्याने कुणासाठी बदलायचे मग, आणि तुम्हाला ते मागाहून कळतं. आइल ऑफ मॅन नावाचं एक बेट आहे ब्रिटनच्या शेजारी, ८४ हजारांच्या आसपास वस्ती, स्वतःची संसद आहे पण शाळेच्या परीक्षा बहुतेक इंग्लंडच्या धर्तीवर. इंग्लंडने दहावीच्या दर्जाच्या परीक्षेत अक्षरांच्या श्रेण्या काढून ९ ते १ असे आकडे आणले, २०१७ पासून, आणि या बेटाला बसून ठरवावं लागलं की आपण काय करायचं.

पण मग दिल्लीचं बोर्ड घेतलं की हे सुटतं का? सुटत नाही ना. सीबीएसईच्या बैठकीतही मिनिकॉयचा कुणी बसलेला नाही. लक्षद्वीपला विधानसभाच नाही, एक खासदार आहे, बाकी सगळं प्रशासकांच्या हातात. म्हणजे पूर्वी शेजारी ठरवायचा, आता आणखी लांबचा कुणीतरी ठरवणार. असं असताना तुमच्यावर, म्हणजे कवरत्तीच्या ऑफिसवर, जास्त जबाबदारी येते की लोकांना आधी विचारायचं, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. आदेश आधी निघाला आणि चर्चा लोकांनी नंतर सुरू केली.

बोर्ड बदलायची कारणं मला पटत नाहीत असं नाही. मुलांना पुढे नीट, जेईई द्यायचीय, त्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवर असतात, देशात कुठेही बदली झाली तरी शाळा मिळते, शिक्षकांची ट्रेनिंग, ऑनलाइन साहित्य भरपूर. खरं आहे सगळं. फक्त यातलं अर्धं कारण दिसतं तेवढं मोठं नाही, कारण केरळच्या अकरावी-बारावीत विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीचीच वापरतात, म्हणजे स्पर्धा परीक्षेची दोन वर्षं तशीही सारख्याच पुस्तकांवर जात होती. उरली दहावीपर्यंतची तफावत, आणि तिच्यासाठी बोर्ड बदलायचं असेल तर बदला, मी आड येणार नाही.

माझं म्हणणं असं आहे की तुम्ही एका आदेशात दोन वेगळ्या गोष्टी बांधून टाकल्यात. बोर्ड आणि माध्यम. सीबीएसई म्हणजे इंग्रजी हे समीकरण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, माझ्याही होतं, पण खुद्द सीबीएसईनेच जुलै २०२३ मध्ये सर्क्युलर काढून शाळांना सांगितलं की बालवाडीपासून बारावीपर्यंत भारतीय भाषा माध्यम म्हणून वापरायला हरकत नाही. तुमचा आदेश त्यानंतर पाच महिन्यांनी आला. म्हणजे ज्या बोर्डाकडे तुम्ही निघालात ते बोर्डच म्हणतंय की मल्याळममधून शिकवा, चालेल, आणि तुम्ही मल्याळम माध्यम बंद करून तिकडे जाताय. हे मला खरोखर समजलेलं नाही, कुणीतरी समजावून सांगा अशी विनंती आहे.

आणि हे कागदावरचं आहे असंही नाही. तुमच्यासारखाच बेटांचा केंद्रशासित प्रदेश अंदमान, तिथल्या सरकारी शाळा सीबीएसईला जोडलेल्या आहेत आणि तिथे हिंदी-इंग्रजीबरोबर बंगाली, तमिळ, तेलुगू माध्यमाचे वर्गही चालवले गेलेत, कारण ती माणसं तिथे राहतात. एवढं साधं कारण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत तरी घरच्या भाषेत शिकवा म्हणतं, राज्यघटनेचं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणतं. तुमचं ऑफिस हे सगळं माझ्यापेक्षा जास्त चांगलं जाणतं.

आता मी जे डोळ्याने पाहिलं ते सांगतो, कारण कायद्याची कलमं वाचून कुणाचं मत बदलत नाही.

सहावीचा वर्ग होता. नळ आणि टाकीचं गणित, सगळ्यांना पाठ असतं ते, एक नळ टाकी ४ तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी ६ तासांत रिकामी करतो, दोन्ही चालू ठेवले तर टाकी किती तासांत भरेल. एका मुलाला उभं करून वाचायला सांगितलं. त्याने इंग्रजीतलं गणित खडखडीत वाचलं, एकही शब्द अडखळला नाही, उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ. मी म्हटलं, आता सांग काय होतंय यात. गप्प. मी हिंदीत विचारलं, गप्प. मल्याळममध्ये मोडकंतोडकं विचारलं, तरी गप्प, मान खाली. वर्गातल्या हुशार मुलीने "१२" म्हणून उत्तर दिलं, बरोबर दिलं, आणि मी पुढे गेलो. शिक्षक म्हणून मला त्या दिवशी वाटलं की या मुलाचं गणित कच्चं आहे.

त्याच रविवारी मी जेट्टीवर फिरायला गेलो तर हा मुलगा वडिलांच्या बोटीवर. मिनिकॉयचे लोक ट्यूना, आपल्या कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो, गळकाठीने पकडतात, जाळं नाही, एकेक मासा काठीने उचलायचा. त्यासाठी चारा म्हणून बारीक जिवंत मासे लागतात, ते आदल्या रात्री किंवा पहाटे लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, पकडायचे आणि बोटीच्या पोटातल्या टाकीत जिवंत ठेवायचे. टाकीच्या तळाला भोकं असतात, त्यांना लाकडी बुच. समुद्राचं पाणी एकीकडून आत येत राहतं, दुसरीकडून जात राहतं, नाहीतर मासे गुदमरून मरतात. मी सहज विचारलं हे कसं चालतं, तर हा वर्गात मान खाली घालणारा मुलगा जो सुटला. माहलमध्ये बोलत होता, शेजारी उभा असलेला त्याचा मोठा भाऊ मला हिंदीत सांगत होता. पुढची इतकी बुचं काढली तर पाणी किती वेगाने चढतं, मागची किती काढायची म्हणजे पातळी तिथेच राहते, बोट चालू असताना वेगळं, थांबली की वेगळं, मासे जास्त भरले असतील तर पाणी जास्त फिरवावं लागतं म्हणून दोन्हीकडची बुचं वाढवायची. हाताने दाखवत होता. हे तेच गणित होतं. माझ्या पुस्तकातल्यापेक्षा अवघड गणित होतं, कारण त्यात बोटीचा वेगही होता, आणि त्या पोराने ते हातावर सोडवलं होतं.

मी सोमवारी वर्गात बोटीची टाकी काढली फळ्यावर. बुचं काढली. काहीही बोललो नाही, मला माहल येतच नव्हती, नुसतं खडूने आत येणारा बाण, बाहेर जाणारा बाण, खाली ४ आणि ६. मागच्या बाकांवर एकदम कालवा झाला, सगळे माहलमध्ये आपापसात भांडायला लागले, आणि पाचेक मिनिटांत त्या मुलाने फळ्यावर येऊन १/४ वजा १/६ लिहिलं. इंग्रजीत त्याला त्यातलं एक वाक्य बोलता आलं नसतं. पुढे वर्षभर मी ती युक्ती वापरली, पण किती धड्यांना चित्र काढणार, आणि परीक्षेच्या पेपरात कोण बोट काढून देणार.

हा मुलगा मल्याळमच्या शाळेत असता तरी हेच झालं असतं, हेही तितकंच खरं आहे. बाकीच्या बेटांवर घरी जेसरी बोलतात, ती मल्याळमच्या जवळची आहे, मूल वर्षभरात रुळतं, पण मिनिकॉयची माहल ही मालदीवच्या धिवेहीची बहीण, लिपी थाना, उजवीकडून डावीकडे लिहायची. बेट तरी कुठे आहे बघा, कवरत्तीपासून अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, मधे नऊ अंश खाडी, मालदीव त्याहून जवळ. २०११ ला तिथे १०,४४७ माणसं होती. या दहा हजार लोकांच्या मुलांना केरळने एक परकी भाषा दिली आणि दिल्ली दुसरी देतेय, आणि शाळेत त्यांची स्वतःची भाषा निदान एक विषय म्हणून होती तीही मे २०२५ च्या आदेशाने काढायची होती. कोर्टाने थांबवलं म्हणून राहिली.

इथे एक आमचं सांगतो. महाराष्ट्रातही त्याच सुमाराला, १६ एप्रिल २०२५ ला, पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा असा जीआर आला, लोक चिडले, १७ जूनला त्यात शब्द बदलून पुन्हा आला, आणि २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले. आम्ही बारा कोटींच्या आसपास आहोत, विधानसभा आहे, वर्तमानपत्रं आहेत, मोर्चे निघतात. आम्हाला सरकारला थांबवता आलं. दहा हजार माणसांना कोर्टात जाण्याशिवाय काय मार्ग होता? हिंदीबद्दल माझ्या मनात काही नाही, त्या जेट्टीवर हिंदी होती म्हणूनच मला त्या पोराचं कळलं. पण हिंदीला जागा करायची म्हणून ज्याच्या जागी ती बसवताय ते मुलाच्या आईचं बोलणं आहे.

मग स्वतःचंच बोर्ड काढा असं काही तरुण मंडळी म्हणतात, गोव्याने १९७५ साली काढलं तसं. मला ते जमेलसं वाटत नाही. गोव्याची गोष्ट वेगळी, तिथे माणसं कितीतरी जास्त. इथे पेपर काढणारा, तपासणारा आणि ज्याचा पेपर तपासायचा तो, तिघं एकाच जहाजाने प्रवास करणार, सगळे एकमेकांचे मामा-काका. बित्रावर २०११ मध्ये २७१ माणसं होती, तिथे कसली गोपनीयता. शिवाय ते सर्टिफिकेट कोझिकोडच्या कॉलेजात घेऊन गेल्यावर क्लार्कने उलटसुलट करून बघायचं, हे मुलांच्या नशिबी नको. दहावी-बारावीचा शिक्का मोठ्या बोर्डाचाच असू दे. पुदुच्चेरीत माहे केरळचं बोर्ड घ्यायचं, यानम आंध्रचं, आता त्यांच्याही सरकारी शाळा सीबीएसईकडे गेल्यात, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

शिक्का बाहेरचा आणि सुरुवातीची वर्षं घरची, हे जमतं. वर ज्या आइल ऑफ मॅनचं लिहिलं तिथली मँक्स भाषा घरात बोलत मोठा झालेला शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. भाषा संपली असंच सगळे धरून चालले होते. आणि त्याच बेटाने, परीक्षा इंग्लंडच्या घेत असतानाच, २००१ मध्ये मँक्समधून सगळे विषय शिकवणारी प्राथमिक शाळा सुरू केली. त्यांना गेलेली भाषा परत आणायला पुस्तकांतून आणि जुन्या रेकॉर्डिंगमधून शिकावं लागलं. तुमच्या मुलांच्या घरात आज आजी जिवंत आहे आणि बोलतेय.

तर मागणं एवढंच आहे. सीबीएसई ठेवा, पण पाचवीपर्यंत माध्यम मल्याळम राहू द्या, मिनिकॉयला पहिली दोन-तीन वर्षं माहल आणि मग हळूहळू मल्याळम किंवा इंग्रजी, पालक म्हणतील ते. इंग्रजी पहिलीपासून विषय म्हणून जोरात शिकवा, त्याला कुणाचाच विरोध नाही, मीही तेच म्हणेन, आणि ती शिकवायला चांगले शिक्षक द्या कारण नुसतं माध्यम बदलल्याने इंग्रजी येत नाही हे मी त्या खडखडीत वाचणाऱ्या मुलात पाहिलंय. परिसर अभ्यासाचं एक पुस्तक तुमच्या डाएटने (शिक्षक-प्रशिक्षण संस्थेने) बेटांवरच्या शिक्षकांना बसवून स्वतः लिहावं, त्यात पाण्याचा थर असेल, प्रवाळ असेल, लगून, नारळाचा काथ्या, मासमीन कसा उकडून धुरी देऊन वाळवतात ते असेल, बोटीची टाकी असेल. दहा बेटांसाठी तीन-चार पातळ पुस्तकं, हे काही मोठं काम नाही. मिनिकॉयच्या डीएड, बीएड झालेल्या मुलामुलींना तिथेच प्राथमिकला नेमा, ती पोरं आहेत, मी त्यातल्या काहींना गणित शिकवलंय.

आणि जे २०२४ च्या जूनमध्ये अचानक मल्याळममधून इंग्रजीत उचलून ठेवले गेले, दुसरी ते आठवीतली ती मुलं, त्यांच्याकडे आधी बघा. त्यांचं कुणी काही बोलत नाही. सातवीपर्यंत अपूर्णांकाला एक शब्द, आठवीत दुसरा. घरी विचारावं तर आईबापांनाही जुनाच शब्द माहीत. अशा मुलांना निदान दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी छापलेली पुस्तिका द्या आणि पेपर दोन्ही भाषांत काढा, शाळेच्या घरच्या परीक्षेत तरी. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

हे सगळं करायच्या आधी दहाही बेटांवर एकेक पालकसभा घ्या. शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर घ्या, सगळे असतात, मासेमारीवर गेलेले बापही असतात. कवरत्तीच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत भाषण न करता तिथल्याच कुणालातरी बोलू द्यावं, मिनिकॉयला माहलमध्ये. बायकांना वेगळं विचारा, मुलांचा अभ्यास त्याच घेतात. लोक इंग्रजी माध्यमच हवं म्हणाले तर मी हे पत्र मागे घेईन, खरंच घेईन, कारण मुलं त्यांची आहेत. पण त्यांना आधी सांगा की सीबीएसईत राहूनही आपली भाषा ठेवता येते, हे सांगून मग विचारा.

या पत्राचा मल्याळम अनुवाद माझा एक जुना सहकारी करतोय, तो वेगळा पाठवतो. माहलमध्ये करून देणारं कुणी अजून मिळालेलं नाही, ऑफिसात कुणी असेल तर कृपया करवून घ्यावा. मिनिकॉयच्या सभेला मला बोलावलंत तर बेटावर यायच्या परमिटचं तेवढं बघा, जहाजाचं तिकीट माझं मी काढीन.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक